किडनी निकामी होईपर्यंत थांबायचे कशासाठी? आरोग्य मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, नवी दिल्ली
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : आनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनी विकाराच्या रुग्णांना किडनी शाबूत असताना उपचार मिळण्याबाबत

महोदय,

मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण जाहीर झाले आणि त्यात आमच्या आजाराचे नाव आहे हे कळले, तेव्हा आमच्या घरी समाधान वाटले होते. ऑटोसोमल डॉमिनंट पॉलिसिस्टिक किडनी डिसीज असे त्याचे पूर्ण नाव असून डॉक्टर मंडळी त्याला एडीपीकेडी म्हणतात. या आनुवंशिक आजारात दोन्ही किडन्यांत पाण्याने भरलेल्या गाठी वर्षानुवर्षे वाढत जातात आणि शेवटी किडनी निकामी होते. धोरणात हा आजार पहिल्या गटात, म्हणजे एकदाच केलेल्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांच्या गटात आहे, आणि त्या गटातही तो मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या मथळ्याखाली घातलेला आहे. या नोंदीचा व्यवहारात काय अर्थ होतो ते मला गेल्या वर्षी कळले. आजाराची गती मंदावणाऱ्या औषधासाठी मदत मिळावी म्हणून मी एका शासकीय रुग्णालयात अर्ज दिला. टेबलामागच्या गृहस्थांनी तो नीट वाचला, यादीवरून बोट फिरवले आणि अगदी सौजन्याने सांगितले, "सर, तुमच्या आजाराला प्रत्यारोपण लिहिलंय. किडनी गेली की या."

त्या गृहस्थांबद्दल माझी तक्रार नाही, कारण यादीत तसेच लिहिलेले आहे. माझी तक्रार त्या यादीमागच्या विचाराबद्दल आहे. ज्या आजाराचे निदान किडनी निकामी होण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी साध्या सोनोग्राफीवर होऊ शकते, ज्याच्या वाढीचा मार्ग पेशीच्या आत कुठून कुठे जातो हे बऱ्याच अंशी उलगडलेले आहे, त्या आजारात शासनाची मदत नेमकी शेवटच्या टप्प्यावर सुरू व्हावी, हे मला निमूटपणे मान्य करता येत नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी सोलापूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या वडिलांना हा आजार होता आणि डायलिसिसवर असतानाच ते गेले. माझी आत्या आज आठवड्यातून दोनदा एसटीने तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसला जाते. फिश्चुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला, डावा हात गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून ती पदराखाली धरून बसते, आणि दिवसभरात किती पाणी प्यायचे ते स्टीलच्या एका फुलपात्राने मोजते. मला स्वतःला हा आजार आहे. माझ्या मुलीला तो असण्याची शक्यता निम्मी आहे, कारण आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला सदोष जनुक मिळण्याची शक्यता पन्नास टक्के असते. तिची तपासणी आम्ही अजून केलेली नाही, आणि का केलेली नाही ते पुढे येईलच.

आत्याचे डायलिसिस महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून विनामूल्य होते, याची मी कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळेही जिल्हा पातळीवर यंत्रे आली. राज्याच्या योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली, आणि दुर्मीळ आजार धोरणातील मदत २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. तेव्हा शासन पैसा खर्चच करत नाही, असे मी म्हणणार नाही. तो खर्च आजाराच्या कोणत्या टोकाला होतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता थोडे विज्ञान. ते टाळून माझे म्हणणे मांडता येणार नाही, कारण माझ्या मागण्या त्यातूनच निघतात.

या आजाराशी संबंधित पहिले जनुक, पीकेडी-१, १९९४ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावर सापडले आणि दुसरे, पीकेडी-२, १९९६ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर. तीन चतुर्थांशांहून अधिक कुटुंबांत दोष पहिल्या जनुकात असतो. या जनुकांवरून पॉलिसिस्टिन-१ आणि पॉलिसिस्टिन-२ ही दोन प्रथिने तयार होतात. पॉलिसिस्टिन-१ ही ४,३०० हून अधिक अमिनो आम्लांची साखळी आहे. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात, हे ज्यांनी बारावीला पाठ केले असेल त्यांना या आकाराची कल्पना येईल. एवढी लांब साखळी तयार झाल्यावर तिला योग्य घडी पडावी लागते, ती ठरलेल्या जागी तुटावी लागते, पॉलिसिस्टिन-२ शी तिची जोडी जमावी लागते आणि मग ती पेशीच्या पृष्ठभागावरील एका बारीक केसासारख्या भागापर्यंत, म्हणजे प्राथमिक सिलियमपर्यंत, पोहोचावी लागते.

घडी चुकलेल्या प्रथिनांना पेशी पुढे जाऊ देत नाही. त्यांना युबिक्विटिन नावाचे छोटे प्रथिन चिकटवले जाते आणि ती प्रोटिॲसोम या यंत्रणेकडे पाठवली जातात, जिथे त्यांचे बारीक तुकडे होतात. युबिक्विटिनच्या साहाय्याने होणाऱ्या या विघटनाच्या शोधासाठी आरॉन सिचेनोव्हर, अव्राम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एरवी ही व्यवस्था आपले रक्षणच करते. काही कुटुंबांत मात्र जनुकातील दोष अगदी लहान असतो, चार हजारांच्या साखळीत एखादेच अमिनो आम्ल बदललेले असते, आणि असे प्रथिन सिलियमपर्यंत पोहोचले असते तर त्याने निदान काही प्रमाणात काम केले असते. पेशीची दक्षता ते वाटेतच अडवते. ३२७७ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन येणारा असा एक बदल काही कुटुंबांत आढळला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या बदलाचे प्रथिन प्रयोगशाळेत कमी तापमानात ठेवले असता त्याला अधिक चांगली घडी पडते, असे दिसून आले. म्हणजे दोष प्रथिनाच्या कामात जितका होता, त्याहून अधिक त्याच्या घडीत होता. त्याच संशोधनाने हेही दाखवले की काम करणारे पॉलिसिस्टिन-१ पेशीत किती उरते, यावर आजाराची तीव्रता ठरते.

हे रुग्णांच्या आयुष्यातही दिसते. पीकेडी-१ मधील दोषामुळे प्रथिन अर्धवटच तयार होत असेल, तर किडनी निकामी होण्याचे मध्यम वय सुमारे ५५ असते. प्रथिन पूर्ण लांबीचे पण सदोष असेल तर ते ६७ च्या आसपास जाते, आणि पीकेडी-२ मध्ये दोष असेल तर ७९ च्या जवळपास. ५५ आणि ७९ यांच्यात नोकरीची उरलेली वर्षे येतात, मुलांची शिक्षणे आणि लग्ने येतात, आणि बहुतेकदा संपूर्ण निवृत्तीही येते.

प्रथिन कमी पडले की पेशीतील संदेशवहन बिघडते. पेशीतील कॅल्शियमचा तोल ढळतो आणि सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढते. निरोगी किडनीपेशीत हा रेणू पेशीविभाजनाला आवर घालतो. या आजारातल्या पेशीत तो उलट वागतो, विभाजनाला चालना देतो, आणि क्लोराइडच्या वाटेने गाठीत पाणी भरत राहतो. सायक्लिक एएमपी वाढवणारा एक मोठा स्रोत म्हणजे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक, जे तहान लागली की मेंदूतून रक्तात येते आणि किडनीच्या पेशीवरील व्ही-२ ग्राहकाला, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, बिलगते. तो ग्राहक अडवला तर गाठींची वाढ मंदावेल, असा तर्क २००३ मध्ये प्राण्यांवर पडताळून पाहण्यात आला आणि तो खरा ठरला.

माणसांवरील उत्तर २०१२ मध्ये आले. १,४४५ रुग्णांच्या तीन वर्षांच्या चाचणीत टोलव्हॅप्टन हे व्ही-२ ग्राहक अडवणारे औषध घेणाऱ्यांची किडनी वर्षाला २.८ टक्के वाढली, तर औषधाविना असलेल्यांची ५.५ टक्के. २०१७ मध्ये आजार अधिक पुढे गेलेल्या रुग्णांवरील चाचणीतही किडनीच्या कार्यक्षमतेची घसरण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. जपानने २०१४ मध्ये, युरोपने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने २०१८ मध्ये या आजारासाठी त्या औषधाला मान्यता दिली. हे औषध आजार बरा करत नाही आणि सर्वांना चालत नाही. यकृतावर त्याचा दुष्परिणाम होऊ शकतो, म्हणून पहिले दीड वर्ष दरमहा रक्ततपासणी लागते. एमटीओआर या दुसऱ्या संदेशमार्गाला अडवणाऱ्या औषधांकडूनही एके काळी आशा होती, पण २०१० च्या चाचण्यांत त्यांचा उपयोग झाला नाही. भरपूर पाणी प्या, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ जास्त पाणी पिऊन किडनीची वाढ मंदावल्याचे दिसले नाही. त्यामुळे आम्हाला फुकटच्या सल्ल्यावर भागवता येणार नाही.

अगदी अलीकडची गोष्ट अशी. २०२१ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात गाठी तयार झाल्यानंतर बंद केलेले जनुक पुन्हा सुरू केले, तेव्हा गाठी चक्क मागे हटल्या. घडी चुकलेल्या पॉलिसिस्टिन-१ ला योग्य घडी घालायला मदत करणाऱ्या एका रेणूच्या माणसांवरील चाचण्याही परदेशात सुरू आहेत. सिस्टिक फायब्रोसिस या मुख्यतः फुफ्फुसांच्या आनुवंशिक आजारात याच तत्त्वावरील औषधांनी रुग्णांचे आयुष्य बदलले. अशी औषधे आली तरी ज्यांच्या किडनीत वाचवण्यासारखे ऊतक उरले आहे त्यांनाच त्यांचा उपयोग होईल, हे उघड आहे. आज तिशीत असलेल्या रुग्णाची किडनी पुढची दहा-पंधरा वर्षे टिकवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

एवढ्या पार्श्वभूमीवर माझे आक्षेप मांडतो.

पहिला आक्षेप धोरणातील नोंदीवर. प्रत्यारोपण केलेल्या किडनीत हा आजार पुन्हा येत नाही, हे खरे. पण प्रत्यारोपणासाठी किडनी येणार कुठून? १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आणि त्याच्या २०११ च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांना दाता होण्याची मुभा दिली आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रत्यारोपणांत दाता जिवंत नातेवाईकच असतो. आमच्या कुटुंबात आईवडील, भावंडे, मुले या प्रत्येक दात्यावर तोच आजार असण्याची टांगती तलवार असते. माझ्या वडिलांना किडनी द्यायला माझे काका तयार झाले. तपासण्या सुरू झाल्या आणि पहिल्याच सोनोग्राफीत काकांच्या दोन्ही किडन्यांत गाठी दिसल्या. एका दुपारी आमच्या घरात दाता कमी झाला आणि रुग्ण वाढला. घरातलेच दाते बाद करणाऱ्या आजाराला प्रत्यारोपण हाच एकमेव उपाय म्हणून नोंदवताना याचा विचार झाला होता का, हे मला जाणून घ्यायचे आहे. शिवाय प्रत्यारोपणानंतरही यकृतातील गाठी राहतात, मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा येण्याची जोखीम राहते आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे राहतात. "एकदाच करायचा उपचार" हे वर्णन आमच्या आजाराला लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप औषधाबद्दल, आणि हा मला सर्वांत जास्त टोचतो. टोलव्हॅप्टन भारतात मिळते, पण ते मुख्यतः रक्तातील सोडियम कमी झालेल्या रुग्णांसाठी १५ आणि ३० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळते. आमच्या आजारात सुरुवातीचा डोस सकाळी ४५ आणि आठ तासांनी १५ मिलिग्रॅम असा असतो. त्यासाठी मी सकाळी एक ३० ची व एक १५ ची गोळी घेतो आणि दुपारी पुन्हा एक १५ ची. डोस वाढला की गोळ्यांची संख्याही वाढते. औषध सुरू असताना दिवसाला कित्येक लिटर पाणी प्यावे लागते, दर तासाभराने लघवीला जावे लागते, आणि तास सुरू असताना मी वर्गाबाहेर जातो तेव्हा मुले आता विचारत नाहीत. या सगळ्याला माझी तयारी आहे. पण औषधाचा आणि यकृताच्या तपासण्यांचा मिळून महिन्याचा खर्च आमच्या घरभाड्याइतका होतो, आणि तो कोणत्याही शासकीय योजनेत बसत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या लुपिन या कंपनीला २०२५ मध्ये याच औषधाच्या जेनेरिकसाठी अमेरिकेची मान्यता मिळाली आणि तिथल्या रुग्णांना स्वस्त पर्याय खुला झाला. आपल्याच देशातील कंपनी हे औषध अमेरिकेला पुरवू शकते, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेच औषध सोलापूरच्या रुग्णाला शासकीय खरेदीतून का मिळू नये, एवढेच मी विचारतो.

सर्व रुग्णांना सरसकट टोलव्हॅप्टन द्या, असे माझे म्हणणे नाही. कोणाची किडनी झपाट्याने वाढते आहे हे एमआरआयवर मोजलेले आकारमान, उंची आणि वय यांवरून ठरवण्याची मेयो वर्गीकरणाची पद्धत २०१५ पासून प्रचलित आहे. अशा निवडक रुग्णांनाच औषध द्यायचे असते.

तिसरा आक्षेप त्याहून साध्या गोष्टीबद्दल आहे आणि त्याला जवळपास खर्चच नाही. या आजारात रक्तदाब लवकर, बहुधा तिशीतच वाढतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाल्ट-पीकेडी चाचणीत किडनीचे काम अजून चांगले असलेल्या तरुण रुग्णांचा रक्तदाब एसीई इनहिबिटर गटातील गोळ्यांनी नेहमीपेक्षा बराच खाली ठेवला, तेव्हा किडनीच्या आकारातील वाढ सुमारे १४ टक्क्यांनी मंदावली. या गटातील गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतात. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. पण तिशीतल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला आढळला तर घरात कोणाला किडनीचा आजार किंवा डायलिसिस आहे का, हा एक प्रश्न विचारून त्याची सोनोग्राफी करावी, अशी सूचना कोणत्याही शासकीय दवाखान्यात मी लावलेली पाहिलेली नाही. माझा रक्तदाब पहिल्यांदा वाढलेला आढळला तेव्हा मला "टेन्शन घेऊ नका, मीठ कमी खा" असे सांगण्यात आले. मीठ कमी खाणे योग्यच होते, पण निदान त्यानंतर कित्येक वर्षांनी झाले.

यालाच जोडून एक मुद्दा आहे, जो डॉक्टर नसलेल्यांच्या लक्षात येत नाही. या आजारात रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम जोखण्यासाठी मोजला जाणारा टाकाऊ घटक, बराच काळ नॉर्मल दिसते, कारण शाबूत राहिलेले ऊतक जादा काम करून भर काढते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्प अभ्यासात किडनीचा आकार वर्षाला सरासरी पाच टक्क्यांहून अधिक वाढत होता, तेव्हाही बहुतेकांची कार्यक्षमता टिकून होती. क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबणारी कोणतीही तपासणी मोहीम आमच्यासाठी उशिराच पोहोचते.

चौथा आक्षेप जनुकीय तपासणीबद्दल. पीकेडी-१ च्या ४६ पैकी पहिल्या ३३ भागांसारखेच दिसणारे सहा निष्क्रिय तुकडे त्याच गुणसूत्रावर आहेत. त्यामुळे अनेक जनुके एकत्र तपासणाऱ्या साध्या चाचणीत (पॅनेलमध्ये) खरा दोष हुकू शकतो आणि खोटाही दिसू शकतो. बहुतेकांचे निदान सोनोग्राफीवर होते, म्हणून सर्वांना जनुकीय तपासणी लागत नाही. पण किडनी देऊ इच्छिणाऱ्या तरुण नातेवाइकाला ती लागतेच. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये आनुवंशिक आजारांसाठीचा उम्मीद उपक्रम सुरू केला आणि मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांचे उत्कृष्टता केंद्र आहे. या जनुकासाठी खास पद्धतीची तपासणी तिथे नियमित आणि परवडेल अशी मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

पाचवा आक्षेप विम्याचा. आनुवंशिक आजार म्हणून विमा दावा नाकारता येणार नाही, असे विमा नियामकाने मार्च २०१८ मध्ये कंपन्यांना बजावले. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी फेब्रुवारीत आला होता. तरीही सोनोग्राफीत गाठी दिसल्या की तो "आधीपासूनचा आजार" ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लावता येतो. जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेने आरोग्य विमा आणि नोकरी यांपुरता २००८ मध्ये केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी नोकरीला लागेल. आधी तिचा विमा काढायचा की आधी तिची सोनोग्राफी करायची, हा प्रश्न आमच्या घरात अनेक महिने पडून आहे. लवकर निदान करा, असे सांगणाऱ्या व्यवस्थेनेच लवकर निदानाची शिक्षा द्यावी, हे विसंगत आहे.

शेवटचा आक्षेप थोडक्यात. या आजाराचे प्रमाण सुमारे एक हजार ते अडीच हजार लोकांत एक, असे पाश्चात्त्य देशांतील अभ्यास सांगतात. खालचा अंदाज धरला तरी भारतात पाच लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात पन्नास हजारांच्या आसपास रुग्ण निघतील. एवढ्या संख्येच्या आजाराला दुर्मीळ म्हणायचे की नाही, हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे. पण डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या रुग्णाच्या नोंदीत मूळ आजार कोणता, हा रकाना तरी काटेकोरपणे भरला जावा. तो भरला गेला तर त्याच रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांना वेळीच बोलावता येईल.

माझ्या मागण्या अशा आहेत. दुर्मीळ आजार धोरणाच्या पुढील सुधारणेत एडीपीकेडीची नोंद केवळ प्रत्यारोपणाखाली न ठेवता दीर्घकालीन औषधोपचाराच्या गटातही करावी, आणि मेयो वर्गीकरणानुसार झपाट्याने वाढणाऱ्या रुग्णांना टोलव्हॅप्टन व त्यासोबतच्या यकृत तपासण्या त्यातून मिळाव्यात. हे औषध राज्याच्या एकत्रित खरेदीत आणावे आणि ४५, ६० व ९० मिलिग्रॅमच्या गोळ्या उपलब्ध करून देण्याबाबत देशी उत्पादकांशी बोलणी करावीत. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने डायलिसिसवरील प्रत्येक एडीपीकेडी रुग्णाच्या अठरा वर्षांवरील रक्ताच्या नातेवाइकांना, त्यांची संमती घेऊन, विनामूल्य सोनोग्राफी आणि रक्तदाब तपासणी द्यावी. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयातील यंत्र आणि आशाताईंच्या यादीत एक रकाना एवढे पुरेसे आहे. जनुकीय माहितीवरून विम्यात आणि नोकरीत भेदभाव होऊ नये, असा कायदा केंद्राने संसदेत आणावा, आणि तोवर प्रतीक्षाकाळाच्या नियमातून केवळ कौटुंबिक तपासणीत सापडलेल्या, लक्षणे नसलेल्या रुग्णांना वगळण्याचा विचार विमा नियामकाने करावा. प्रथिनांची घडी दुरुस्त करणाऱ्या किंवा सायक्लिक एएमपीचा मार्ग अडवणाऱ्या नव्या औषधांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत भारतीय केंद्रे सहभागी व्हावीत, यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढाकार घ्यावा. आमच्या कुटुंबांतले जनुकदोष कोणते, हेच जर मोजले गेले नाही, तर अशा चाचण्यांत आमचे रुग्ण पात्र ठरणार कसे?

यातील प्रत्येक मागणी एकाच अर्थसंकल्पात पूर्ण होईल, असे मी मानत नाही. नातेवाइकांची सोनोग्राफी आणि रक्तदाबाची गोळी या दोन गोष्टी मात्र येत्या तिमाहीत सुरू होऊ शकतात, आणि त्यांच्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. टोलव्हॅप्टनबाबतचा निर्णय तांत्रिक समितीकडे जाईल, हे मला समजते. त्या समितीत मूत्रपिंडतज्ज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ यांच्याबरोबर किमान एका रुग्णाला बसवावे. माझे सर्व अहवाल, गोळ्यांची बिले आणि यकृत तपासण्यांचे कागद मी समितीपुढे ठेवायला तयार आहे. समितीची तारीख कळवावी.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक आणि एडीपीकेडीचा रुग्ण
सोलापूर जिल्हा